अमावास्येच्या रात्री ज्योतीबरोबर १०० किलोमीटर

सोमवार, ३० सप्टेंबर २०२४

घटस्थापनेला आमच्या गावात तुळजापूरहून ज्योत येते. सर्वपित्री अमावास्येच्या संध्याकाळी ती तुळजाभवानीच्या देवळात पेटवून घ्यायची, रात्रभर आळीपाळीने हातात धरून पळत आणायची आणि प्रतिपदेच्या सकाळी तिच्यावरून गावातल्या देवीचा नंदादीप लावायचा, हा परिपाठ माझ्या जन्माआधीपासूनचा आहे. तो काही आमच्याच गावाचा नाही. धाराशिव, लातूर, नांदेड, सोलापूर या जिल्ह्यांतली कितीतरी गावे आपापली ज्योत अशीच नेतात. आमचे गाव चाकूर तालुक्यात, लातूर-नांदेड रस्त्यावरच्या आष्टामोडच्या अलीकडून आत आहे. तुळजापूर ते लातूर सुमारे ७५ किलोमीटर आणि लातूरपासून पुढे २५, असा हा पल्ला पडतो.

नोकरीसाठी छत्रपती संभाजीनगरला गेल्यापासून माझे ज्योतीबरोबर जाणे सुटले होते. यंदा १९ वर्षांनी जायचे ठरवले, त्याला एक कारण असे की गेली पाच वर्षे मी अर्धमॅरेथॉन पळतो आणि त्यामुळे पळण्यातले आपल्याला पुष्कळ कळते, असा माझा समज झालेला आहे. संध्याकाळी मारुतीच्या पारावर बैठक बसली तेव्हा मी घरून तयार करून आणलेले वेळापत्रक सर्वांपुढे ठेवले. पळणारे १४ जण, प्रत्येकाची पाळी एक किलोमीटरची, किलोमीटरला सात मिनिटे. म्हणजे १०० किलोमीटरला ११ तास ४० मिनिटे, आणि एकदा पळून झालेल्या माणसाला पुढची पाळी येईपर्यंत दीड तास विश्रांती. संध्याकाळी साडेसहाला निघालो तर सकाळी सव्वासहाच्या आत वेशीवर. पोरांनी कागद हातोहात फिरवला. कोणी मोबाइलवर त्याचा फोटोही काढून घेतला.

माझे चुलत चुलते, ज्यांना सगळे गाव आबा म्हणते, ते आता ६८ वर्षांचे आहेत. पळणे त्यांनी सोडले आहे, पण ज्योतीबरोबर जाणे सोडलेले नाही. त्यांनी चष्मा लावून कागद वरपासून खालपर्यंत वाचला आणि म्हणाले, “समदं लिहिलंस, पण ह्यात ज्योत कुठाय?” मला ती थट्टा वाटली आणि मी इतरांबरोबर हसलो.

मंगळवार, १ ऑक्टोबर

आजचा दिवस मशालीत आणि सोयाबीनमध्ये गेला. सोयाबीनची काढणी ऐन भरात आहे. मजूर मिळत नाहीत, आभाळ रोज दुपारी भरून येते आणि कापून ठेवलेला माल भिजू नये म्हणून जो तो बनीम (कापलेल्या पिकाची गंजी) लावून त्यावर ताडपत्री ओढण्याच्या घाईत आहे. सरकारने या हंगामासाठी हमीभाव ४,८९२ रुपये जाहीर केला असला, तरी बाजारात तेवढा भाव मिळत नाही, म्हणून माल लवकर विकावा की थांबावे याची चर्चा पारावर ज्योतीच्या चर्चेहून अधिक वेळ चालते. आमच्या १४ पळणाऱ्यांपैकी नऊ जण दिवसभर शेतातच होते. त्यांच्या तळहातांना सोयाबीनच्या शेंगांनी ओरखडे काढलेले होते.

मशाल मी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिली. लोखंडी पाइप हातभर लांबीचा, त्याच्या टोकाला वेल्डिंग करून बसवलेली वाटी आणि वाटीच्या खाली एक पसरट ताटली, म्हणजे ओघळणारे तेल मनगटावर येऊ नये. ते तरीही येतेच. वाटीत जुन्या सुती धोतराच्या घट्ट पिळलेल्या काकड्यांचा गुंडा बसवतात. धोतर सुतीच लागते, कारण कापडात टेरिकॉटचा धागा असला की ते जळण्याऐवजी वितळून ठिबकते. तेल करडईचे. आबांनी रॉकेलला कायमची मनाई केलेली आहे; धूर नाकात जातो आणि पळणाऱ्याचा दम तुटतो, हे त्यांचे कारण कोणत्याही प्रशिक्षकाला पटेल. धरायच्या जागी सुतळी गुंडाळून वर ओले फडके बांधले. दहा लिटर तेल, दोन धोतरे, चौदा चमकणारी जाकिटे (ही मात्र माझी भर), विजेऱ्या, मीठ, साखर, लिंबे आणि एक कंदील, एवढे सामान पिकअपमध्ये चढले. कंदील कशासाठी, असे मी विचारले नाही. आबांच्या सामानात असतोच, असे धरून चाललो.

बुधवार, २ ऑक्टोबर

सकाळी नऊला पिकअप आणि दोन मोटारसायकली निघाल्या. रात्री जो रस्ता पळायचा तोच उलट्या दिशेने पाहत जाण्याचा एक फायदा असा, की खड्डे, पूल आणि उड्डाणपुलाखालचे अंधारे भाग आधीच कळतात. लातूरच्या पुढे औसा, बेलकुंड, आशिव, उजनी आणि मग काक्रंब्यावरून तुळजापूर. हा आता चौपदरी राष्ट्रीय महामार्ग ३६१ आहे, तुळजापुरापासून थेट नागपूरजवळच्या बुटीबोरीपर्यंत जाणारा. माझ्या आठवणीतला दोन्ही बाजूंनी बाभळी असलेला एकेरी रस्ता त्यात कुठेच उरलेला नाही.

वाटेत मी पोरांना जपानमधल्या एकिदेनची माहिती सांगितली. तिथे १९१७ मध्ये क्योतोहून टोकियोपर्यंत पाचशेहून अधिक किलोमीटरची पहिली सांघिक शर्यत झाली. पळणारे दिवसरात्र आळीपाळीने पळाले. तेथील धावपटू एकमेकांच्या हाती काठी देत नाहीत, तर खांद्यावरून घ्यायचा एक कापडी पट्टा देतात, त्याला तासुकी म्हणतात. आमच्यातला सर्वांत लहान, बारावीला असलेला माझा पुतण्या, हे सर्व लक्ष देऊन ऐकत होता. “काका, पट्टा विझत नाही ना पण?” असे त्याने विचारले, आणि पिकअपमध्ये जो हशा पिकला त्यात एकिदेन तिथेच संपले.

तुळजापुरात गाडी गावाबाहेरच थांबवावी लागली. रस्त्यारस्त्याला ज्योत नेणारी मंडळे होती. कोणाच्या अंगात भगवे सदरे, कोणाच्या गळ्यात कवड्यांच्या माळा, आणि आवाजाच्या भिंती लावलेल्या गाड्या एकमेकींवर ओरडत होत्या. देवीच्या दारात एवढा आवाज कशासाठी लागतो, हे मला समजत नाही, आणि वय वाढल्यामुळे समजत नाही असेही नाही, कारण विशीतही समजत नव्हते. गोमुख तीर्थावर हातपाय धुऊन, कल्लोळ तीर्थाच्या बाजूने रांगेला लागलो आणि दर्शनाला तीन तास लागले.

या दिवसांत देवी सिंहासनावर नसते. भाद्रपद वद्य अष्टमीपासून तिची मंचकी निद्रा सुरू होते आणि प्रतिपदेच्या पहाटे मूर्ती पुन्हा सिंहासनावर बसवतात. म्हणजे आम्ही ज्योत घेऊन निघतो तेव्हा देवी पलंगावर निजलेली असते आणि ती उठते त्या वेळी आम्ही कुठेतरी रस्त्यावर असतो. लहानपणापासून हे सारे ऐकलेले होते, पण दोन गोष्टी शेजारी ठेवून कधी पाहिल्या नव्हत्या.

आमच्या पुजाऱ्यांनी आतल्या दिव्यावरून पेटवून आणलेल्या काकड्याने मशाल लागली. आबांनी लगेच त्याच मशालीवरून कंदील लावला, काच खाली केली आणि तो पिकअपच्या पुढच्या बाकावर दोन्ही पायांत धरून बसले. “आई राजा उदो उदो, सदानंदीचा उदो उदो” या गजरात निघालो तेव्हा सहा वाजून पन्नास मिनिटे झाली होती, म्हणजे वेळापत्रक पहिल्या पावलाआधीच वीस मिनिटे मागे पडलेले होते.

रीत अशी की पुढे एक मोटारसायकल, तिच्यामागे ज्योत घेतलेला, त्याच्यामागे पिकअप दिवे लावून, आणि सर्वांत मागे लाल विजेरीवाली दुसरी मोटारसायकल. पाळी संपत आली की पुढचा गडी पिकअपमधून उतरून वीस-तीस पावले बरोबर पळतो. ज्योत देताना दोघांचेही हात सुतळीवर असतात आणि घेणाऱ्याने “घेतली” म्हटल्याशिवाय देणारा सोडत नाही. ज्याच्या हातात ज्योत, त्याच्या पायात वहाण नसते, हा एकच नियम न मोडणारा. माझे महागडे बूट पिकअपच्या कोपऱ्यात पडले. पहिल्याच पाळीत अनवाणी पायांनी मला एक गोष्ट शिकवली: डांबराची खडी तळव्याला टोचते, पण कडेला आखलेला पांढरा पट्टा गुळगुळीत असतो, आणि सगळे त्या चार बोटे रुंदीच्या पट्ट्यावरूनच पळत होते. शंभर किलोमीटरचा महामार्ग आणि आपल्या वाट्याला त्यातला एवढाच!

दुसरे शिक्षण मशालीचे. ती छातीसमोर उभी धरली की ज्वाळ तोंडावर येते. जरा पुढे आणि वारा ज्या बाजूला जातो त्या बाजूला कलती धरावी लागते, आणि दर मिनिटाला हात बदलावा लागतो. किलोमीटरला सात मिनिटे हा माझा नेहमीचा सवडीचा वेग. पण त्या वेगाने ज्वाळ मागे वाकून वाटीच्या कडेला चिकटू लागली, निळी झाली आणि फडफडू लागली. वेग कमी केला की ती पुन्हा उभी राहायची. माझ्या हे लक्षात आले, पण मी त्याचा अर्थ लावला नाही.

काक्रंबा गेले. तेथून पुढे अमावास्येचा अंधार इतका दाट होता की पुढे-मागे पळणाऱ्या दुसऱ्या गावांच्या ज्योतींवरूनच रस्ता कुठे वळतो ते कळत होते. उजनीला पोचलो तेव्हा अकरा वाजत आले होते. उजनीची बासुंदी प्रसिद्ध, आणि तिथून न खाता जाणे पोरांना मान्य नव्हते. पळताना दूध पोटात घेऊ नये, असे मी परोपरीने सांगितले. दोघांनी दोन-दोन वाट्या घेतल्या आणि पुढच्या पाळ्यांत त्यांच्यापैकी एकाला शेताकडे धाव घ्यावी लागली. मी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी यांवर भागवले. ज्योत या वेळी कोणी ना कोणी हातात धरून उभाच राहतो, ती खाली ठेवायची नसते. उठून निघेपर्यंत आम्ही वेळापत्रकाच्या जवळजवळ एक तास मागे होतो, आणि मला ते बघवेना.

पाळी पुतण्याची होती. शाळेच्या स्पर्धांत तो पहिला येणारा. मी त्याच्याबरोबर मोटारसायकलवरून चाललो होतो आणि त्याला म्हणालो, “जरा उचल वेग, तुला जमतंय.” त्याने उचलला, पाच मिनिटांच्या आतला किलोमीटर असावा. पळणे फार देखणे होते, हे मी आजही म्हणेन. ज्वाळ मात्र वाटीत दडून केवळ लाल धग राहिली होती. अशात मागून एक मोठा कंटेनर आमच्या अंगाला जवळजवळ घासून गेला आणि त्याच्या वाऱ्याच्या झोतात ती धगही गेली. नुसता धूर राहिला. पोरगे आणखी पन्नासेक पावले तसेच पळत गेले, मग उभे राहिले आणि मशाल दोन्ही हातांत धरून तिच्याकडे पाहत राहिले.

पिकअप थांबली. कोणी मोठ्याने बोलत नव्हते. एकाने खिशातून लायटर काढला, पण काढल्याबरोबर परत ठेवला. दुसऱ्याने सुचवले की मागून येणाऱ्या गावाची ज्योत तुळजापूरचीच आहे, तिच्यावरून लावून घेऊ. ती मंडळी पोचलीही होती आणि थांबून द्यायला तयार होती. आबा खाली उतरले, त्यांना हात जोडले आणि आमच्याकडे वळून म्हणाले, “ती त्यांच्या गावाला निघालेली हाय. तिला मधी आपल्या गावाला कशी न्यायची?” मग कंदील मागवला. तो तुळजापुरापासून त्यांच्या पायांत तेवत होता.

परंतु तेथेच लावायचे नव्हते. विझली त्या जागेपर्यंत मागे जायचे, असे आबांचे म्हणणे पडले. जागा कशी ओळखणार, असे मी विचारले, तेव्हा पुतण्याच विजेरी घेऊन पांढऱ्या पट्ट्यावरून उलटा चालू लागला. पट्ट्यावर तेलाचे काळपट थेंब दोन-दोन हातांवर पडलेले होते. कंटेनरच्या झोताने काकड्याचे एक जळके टोक उडवले होते, ते बोटाच्या पेराएवढे काजळलेले चिंधूक पट्ट्याच्या कडेला सापडले. तेथे उभे राहून आबांनी कंदिलाची काच वर केली. काच काजळीने भरलेली होती आणि पुसायला हाताशी कोरडे काही नव्हते. मी खिशातला कागद दिला. वेळापत्रकाने काच चांगली स्वच्छ झाली.

तेथूनच पुतण्याने त्याची पाळी पूर्ण केली, हळू. मी त्याच्या बाजूने पळालो आणि त्याला सांगितले की चूक माझी होती. तो काही बोलला नाही.

गुरुवार, ३ ऑक्टोबर

बेलकुंड कधी गेले ते मला कळले नाही. मी पिकअपमध्ये पोत्यांवर झोपलो होतो. जाग आली तेव्हा आबांना ऑलिंपिकच्या ज्योतीची गोष्ट सांगितली. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकपासून ती ज्योत ग्रीसहून पळत नेण्याची प्रथा पडली, आणि तिच्याबरोबरही मूळ अग्नी वेगळ्या दिव्यात जपून नेतात. १९७६ साली माँट्रियलमध्ये पावसाने ज्योत विझली, तेव्हा एका कार्यकर्त्याने ती चक्क सिगारेटच्या लायटरने पेटवली. आयोजकांनी ती तातडीने पुन्हा विझवून मूळ अग्नीवरून लावली. आबांना याचे फारसे नवल वाटले नाही. लायटरवाल्याला कोणी रागावले का, एवढेच त्यांनी विचारले.

औसा ओलांडून लातूरच्या दिशेने निघालो तेव्हा माझी चौथी पाळी होती आणि डाव्या तळव्याला दोन फोड आले होते. आता वेग कोणी ठरवत नव्हते. ज्वाळ उभी राहील इतपत पळायचे, तिने मान टाकली की पाऊल आखूड करायचे. घड्याळात पाहिले तर हा वेग किलोमीटरला साडेआठ मिनिटांच्या आसपास निघाला, आणि गंमत अशी की १७ वर्षांचा पोरगा असो की ४३ वर्षांचा मी, सगळ्यांचा तोच.

चारला काही मिनिटे कमी असताना आबांनी गाडी थांबवायला सांगितली आणि उतरून दक्षिणेकडे तोंड करून उभे राहिले. त्या बाजूला, याच औसा तालुक्यात, किल्लारी आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्री, ३ वाजून ५६ मिनिटांनी तेथे भूकंप झाला, हजारो माणसे झोपेतच गेली. आबांची थोरली बहीण त्यांत होती. आमच्या वयाच्या लातूरकरांना त्या वेळेचे घड्याळ वेगळे सांगावे लागत नाही. पिकअपमध्ये परतल्यावर ते म्हणाले की त्या वर्षी भूकंपानंतर पंधरवड्यातच घट बसले. गावातले हाताला येतील ते गडी ढिगारे उपसायला गेलेले होते, म्हणून ज्योतीला पाचच जण निघाले. वाहन नव्हते. एक सायकल होती, कॅरिअरला तेलाचा डबा आणि हँडलला हा कंदील. पाच जणांत शंभर किलोमीटर म्हणजे माणशी वीस. “वाजवायचं काय नव्हतं त्या साली,” एवढे सांगून ते गप्प झाले.

लातूरमध्ये शिरलो तेव्हा पाच वाजून गेले होते. गंजगोलाईला वळसा घालायचाच असतो. १९१७ मध्ये बांधलेल्या या गोल बाजारपेठेच्या मधोमध अंबाबाईचे देऊळ आहे आणि चहूबाजूंनी सोळा रस्ते येऊन मिळतात. त्या पहाटे निम्म्या रस्त्यांवरून कोणती ना कोणती ज्योत येत होती. आमचे सगळे १४ जण तेथे एकत्र पळाले, अर्धवट झोपेत, लंगडत. भाजी उतरवणारे हमाल पोती टाकून हात जोडत होते. तुळजापुरात एव्हाना देवी सिंहासनावर बसली असेल, असे कोणीतरी म्हणाले.

मांजरेच्या पुलावर उजाडले. पात्रात पाणी बऱ्यापैकी होते आणि पुलावर समोरून वारा. येथे आबांनी एक युक्ती केली, जी मला कोणत्याही पुस्तकात सापडली नसती: चौघांनी पुढे खांद्याला खांदा लावून आडव्या रांगेत पळायचे, ज्योतवाला त्यांच्या पाठीशी. माणसांच्या आडोशाला ज्वाळ हलली नाही. सायकलस्वार वारा टाळण्यासाठी हेच करतात, पण तेथे मागचा माणूस स्वतःचा दम वाचवतो.

आष्टामोडच्या अलीकडे आम्ही गावच्या कच्च्या रस्त्याला वळलो. दोन्ही बाजूंना सोयाबीनच्या बनीमी उभ्या होत्या आणि वाळल्या काडावर एक ठिणगी पडली तर वर्षाचे पीक जाईल, म्हणून शेवटचे दोन किलोमीटर ज्योत चालत न्यायची असते, मागे पाण्याची घागर घेतलेला एक माणूस. माझ्या वेळापत्रकात तेथे जोराची धाव होती. वेशीवर बायका ताट घेऊन उभ्या होत्या. साडेनऊ वाजले होते, म्हणजे १४ तास ४० मिनिटे. ज्योतवाल्याच्या पायांवर पाणी घातले, ओवाळले, आणि देवळात नंदादीप लागला. तोवर मशालीचे तेल संपत आलेले असल्याने ज्या बायका घरच्या घटासाठी ज्योत घ्यायला दिवे घेऊन रांगेत उभ्या होत्या, त्यांचे दिवे आबांनी कंदिलावरून लावून दिले. कोणत्या दिव्याची ज्योत कोणत्या घरी गेली, याची कोणी विचारपूस केली नाही.

दुपारी हिशेब झाला. दहा लिटरपैकी तीन लिटर करडईचे तेल उरले, ते नऊ दिवसांच्या नंदादीपाला दिले. माझ्या सातांपैकी पाचच पाळ्या झाल्या होत्या. उरलेल्या दोन पुतण्याने पळल्या, हे मला वहीत पाहिल्यावर कळले. मी मिठाच्या पाण्यात पाय सोडून ओसरीवर बसलो होतो, तेव्हा तो समोरून मळणी यंत्राच्या ट्रॉलीवर बसून गेला. आभाळ भरून आले होते आणि त्यांच्या बनीमीवर अजून ताडपत्री नव्हती.